‘लोक सहकार्य करत नाहीत’ असं लिहिण्याआधी: गावात आरोग्याचं काम करताना या चुका टाळा

शिरोळ तालुक्यातल्या एका गावातला फॉर्म. बाई, वय ५८. उच्च रक्तदाबाचा त्रास: नाही. तंबाखू सेवन: नाही. व्यायाम: नाही. फॉर्म भरणारी मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखं, एकही रकाना रिकामा नाही. भरून झालेल्या फॉर्मांतली काही घरं चिठ्ठ्या टाकून काढायची आणि तिथं स्वतः जाऊन पुन्हा विचारायचं, हा माझा नेम. त्यात हे घर निघालं.

गेलो तर आक्का वैरणीचा भारा टाकून नुकत्याच टेकलेल्या. भिंतीवरच्या आरशामागे गोळ्यांची पट्टी खोचलेली दिसली. विचारलं, “ही कुणाची?”

“माझीच की. बीपीची. रोज सकाळी खातो.”

“काल तर त्रास नाही म्हणालात?”

“मग त्रास कुठं हाय? गोळी खातो म्हणून न्हाई!”

तंबाखूचं विचारलं तर आक्का जवळजवळ रागावल्याच. “तसलं काय खात न्हाई आमी.” आणि बोलता बोलता दिवळीतली डबी काढून मिश्री बोटावर घेतली आणि दाताला लावायला लागल्या. व्यायामाचं मी विचारलंच नाही, भारा समोर पडला होता.

तीन उत्तरं, तिन्ही चुकलेली, आणि बाई एका शब्दाने खोटं बोलली नव्हती.

कोल्हापूर जिल्ह्यात आरोग्य संवर्धनाचं काम मी बरीच वर्षं करतोय. म्हणजे आधी पाहणी करायची, मग आशाताईंना, बचत गटातल्या बायकांना प्रशिक्षण द्यायचं आणि काही महिन्यांनी फरक पडला का ते बघायचं. या कामाच्या अहवालात ‘अडचणी’ या मथळ्याखाली एक वाक्य हमखास असतं: ‘लोकांचे अपेक्षित सहकार्य मिळाले नाही.’ मीही ते लिहिलंय. आता ते वाक्य दिसलं की मी आधी प्रश्नावली मागतो, मग वेळापत्रक, मग बीपीचं मशीन. लोकांना दोष द्यायची वेळ सहसा येतच नाही.

प्रश्न पुस्तकातला, उत्तर गावातलं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो. प्रश्नावली बहुतेक वेळा इंग्रजीतून मराठीत येते आणि ‘त्रास’, ‘सेवन’, ‘व्यायाम’ असे शब्द घेऊन येते. बीपी हा त्रास न देणाराच आजार आहे, म्हणूनच तर तो शोधावा लागतो. त्यामुळे ‘त्रास आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ हे अगदी खरं उत्तर आहे. त्याऐवजी ‘डॉक्टरांनी किंवा सिस्टरांनी कधी बीपी वाढलंय असं सांगितलं होतं का’ असं विचारा. पुढचा प्रश्न, ‘रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का, जरा दाखवता का?’ पट्टी हातात घेऊन नाव वाचा. माणसाच्या आठवणीपेक्षा पट्टीवरचं नाव भरवशाचं.

तंबाखूचंही तसंच. तंबाखू ‘खातात’, मिश्री ‘लावतात’, तपकीर ‘ओढतात’. क्रियापद चुकलं की बाई तुमच्या आकडेवारीतून गायब. एकेक प्रकार नावाने विचारा. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, त्यामुळे फॉर्म घेऊन आलेल्या अनोळखी माणसाला ‘गुटखा खातो’ असं कोण सांगेल? ‘सुपारी, मावा, पुडी यातलं काय चालतं?’ असं विचारलं की गडी हसून खिशात हात घालतो.

व्यायामाचा प्रश्न तर बायकांवर अन्यायच आहे. पहाटे शेण काढणं, धार काढणं, ऊन होईस्तोवर भांगलण, येताना डोक्यावर भारा, आणि फॉर्मवर ‘बैठी जीवनशैली’! जागतिक आरोग्य संघटनेच्या शारीरिक हालचालींच्या प्रश्नावलीत काम, ये-जा आणि फावला वेळ असे तीन भाग वेगवेगळे विचारतात ते याचसाठी. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं?’ एवढं विचारून गप्प बसलात तरी निम्मं काम होतं.

मिठाबद्दल एक धडा मला म्हशीने शिकवला. ‘मीठ जास्त खाता का’ याला सगळे ‘नाही’ म्हणतात, कारण जास्त म्हणजे ताटात वरून घेतलेलं. खर्डा, लोणचं, पापड, कांदा-लसूण चटणी, सकाळच्या चहाबरोबरची खारी यांना कुणी मीठ समजत नाही. म्हणून मी हिशेब बदलला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे घरात पाच मोठी माणसं असतील तर महिन्याला ७५० ग्रॅमच्या आत. मग ‘महिन्याला मिठाच्या किती पिशव्या लागतात?’ असं विचारायचं. सोपा, पाठ होणारा प्रश्न. पहिल्याच दिवशी एका घरात उत्तर आलं, चार. मी डोळे मोठे केले. काकी म्हणाल्या, “आंबोणात घालाय नको व्हय?” दोन पिशव्या म्हशींच्या होत्या! त्या दिवसापासून फॉर्ममध्ये ‘पैकी जनावरांसाठी किती’ हा रकाना आहे. उन्हाळ्यातल्या लोणच्या-पापडांची खरेदीही वेगळी धरावी लागते.

यावर उपाय जुनाच आहे, फक्त कुणी करत नाही. प्रश्नावली छापण्याआधी, पाहणीत नसलेल्या पण तशाच एखाद्या गावात दहा-पंधरा जणांना ती विचारायची. उत्तर लिहून घेतलं की पुढे विचारायचं, ‘या प्रश्नातून तुम्हाला काय कळलं?’ पहिल्या दोन घरांतच तुमचे चार प्रश्न कोसळतात. कोसळू द्या. हजार प्रती छापून झाल्यावर कोसळण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक गंमत. मुलाखती रेकॉर्ड करून बाहेरगावच्या माणसाकडून उतरवून घेणार असाल तर त्याला आधी सांगा की कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी गेलतो’ म्हणतात. आमच्या एका कामात मुलाखती उतरवणाऱ्याने निम्म्या बायकांना पुरुष करून टाकलं होतं. ‘पुरुषांनाही बाळंतपणाच्या सेवांची चांगली जाण आहे’ असा निष्कर्ष निघायच्या बेतात होता!

‘येतो की’ म्हणजे येणार असं नाही

बैठकीला माणसं येत नाहीत ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी विचारतो, वेळ काय ठेवली होती? उत्तर असतं, सकाळी ११. कारण ११ ही साहेबांच्या गाडीची वेळ. त्या वेळी बायका रानात असतात, पुरुष कारखान्यावर, एमआयडीसीत नाहीतर तालुक्याला. सकाळ-संध्याकाळ धारेची आणि डेअरीला दूध घालायची वेळ, तेव्हा तर कुणाला बोलवायचंच नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात पाणी पाजून आलेला माणूस दुपारी झोपतो. तो आळशी नाही, जागा आहे रात्रभर. गावचा बाजार, जत्रा, जोतिबाची चैत्र यात्रा, कुणाचं बारावं, सगळं आधी विचारून घ्यावं. पेरणीच्या तोंडावर तर आरोग्याचं नावच काढू नये.

दूध संस्थेचं बिल वाटायचा दिवस मात्र सोनं आहे. त्या दिवशी बायका आपणहून संस्थेच्या दारात उभ्या असतात. तिथे अर्धा तास मिळाला तर शंभर निमंत्रणपत्रिकांचं काम होतं.

जागेचं गणित वेळेपेक्षा नाजूक. आपल्याकडे गाव म्हटलं की गट आला. कारखान्याचा गट, दूध संघाचा गट, ग्रामपंचायतीतला सत्ताधारी आणि विरोधी. एखाद्या नेत्याने मोठ्या मनाने सांगितलं, “माझ्या वाड्यात घ्या की शिबिर, चहा-नाष्टा माझ्याकडं,” की आपण खूश होतो आणि अर्धं गाव तिथल्या तिथे गमावतो. दुसऱ्या गटाची माणसं त्या उंबऱ्यावर मेली तरी चढत नाहीत. शाळा, देऊळ, समाजमंदिर, तालीम यातली सगळ्यांना चालेल अशी जागा विचारून ठरवा. कुठली चालते हे सरपंचाला विचारू नका, किराणा दुकानदाराला विचारा. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या तोंडावर पायाभूत म्हणजे पहिली पाहणी सुरू केलीत तर तुम्ही कुठल्या पार्टीकडून आलात याचंच उत्तर देत बसाल.

कोण सुटलं ते आधी बघा

नमुना निवडताना आपण रस्त्याकडेची घरं करतो आणि माघारी येतो. मळ्यातली घरं, वाड्या-वस्त्या, गावाबाहेरची वसाहत राहून जाते. चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगरी तालुक्यांत तर एका ग्रामपंचायतीत पाच-सहा वाड्या असतात आणि शेवटच्या वाडीला गाडी जात नाही. ज्यांचं आरोग्य सर्वात बिकट तेच सुटतात. गळीत हंगामात उसाच्या फडाजवळ पालं टाकून राहणारे ऊसतोड मजूर मतदार यादीत नाहीत, रेशन यादीत नाहीत, आशाताईच्या रजिस्टरमध्येही बहुतेक नाहीत. त्यांना वगळायचं असेल तर वगळा, पण अहवालात तसं लिहा. ‘गावातील सर्व कुटुंबे’ असं ठोकून देऊ नका.

किती माणसं घ्यायची याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. समजा, २५ टक्के लोकांना बीपी असेल असं धरलं आणि अंदाज ५ टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तरी चालेल म्हटलं, तर ४ गुणिले २५ गुणिले ७५, भागिले ५ चा वर्ग. आली ३०० माणसं. इथवर ठीक. घोळ पुढे होतो. हे ३०० पूर्ण जिल्ह्यातून चिठ्ठ्या टाकून निवडले तर ३०० असतात. दहा गावं निवडून प्रत्येकी ३० घेतले तर एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. पाणी एक, डेअरी एक, चटणीसुद्धा एकाच गिरणीतून कुटून आलेली. मग त्या ३०० चं वजन कमी भरतं. म्हणून अशा गटवार निवडीत आकडा वाढवून घेतात, बरेच जण सरळ दुप्पट म्हणजे ६०० धरतात. शक्य असेल तर एका गावातून जास्त माणसं घेण्यापेक्षा जास्त गावं घ्या. पेट्रोल जास्त लागेल, पण आकड्याला अर्थ राहील.

तालमीतल्या पैलवानाला बीपी?

एका तालमीत आम्ही तपासणी ठेवली होती. पंचविशीच्या आतली पोरं, रोज हजारभर जोर-बैठका मारणारी, आणि एकामागून एक बीपी वाढलेलं. वस्ताद हादरले, आईबाप हादरले, एका पोराने तर त्या रात्री जेवण सोडलं. चूक पट्ट्याची होती. नेहमीचा मोठ्या माणसांचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. पैलवानाचा दंड त्यात मावत नाही. लहान पट्टा आवळून बांधला की मशीन खोटा जास्त आकडा दाखवतं. मोठा पट्टा आणून पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक पोरं ठणठणीत निघाली. पिशवीत दोन मापांचे पट्टे आणि एक साधी शिलाईची टेप, एवढं असतं तर ही अब्रू गेली नसती.

गावातल्या शिबिरातला घोळ वेगळा असतो. ग्रामपंचायतीचा हॉल वरच्या मजल्यावर. जिना चढून आलेल्या म्हातारबांना दारातच नाव नोंदवून चहा-बिस्किट. मग पाठ न टेकता बाकावर बसवायचं, स्वेटरच्या बाहीवरच पट्टा, हात लोंबकळता, आणि मोजता मोजता सिस्टर विचारतात, “पोरगं काय करतंय सध्या?” पोरगं काय करतंय ते सांगता सांगताच बीपी वाढतं! नुसत्या बोलण्याने वरचा आकडा १० च्या आसपास चढू शकतो.

योग्य पद्धत कुणालाही शिकवता येते. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी नाही. लघवीला जाऊन यायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय नाही. उघड्या दंडावर पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दोनदा मोजायचं, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तरी ‘तुम्हाला बीपी आहे’ असं त्या दिवशी सांगायचं नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला बोलवायचं. अपवाद फार वाढलेल्या बीपीचा. १८०/११० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि सोबत छातीत दुखणं, धाप, हातपाय लुळा पडणं, नजर अंधुक होणं यातलं काहीही असेल तर फॉर्म बाजूला ठेवून आधी गाडी बघायची.

चहा द्या, जरूर द्या. आपल्याकडे चहाशिवाय माणूस परत पाठवत नाहीत. फक्त मोजून झाल्यावर द्या.

वजनकाट्याचंही तेच. सारवलेल्या किंवा उंचसखल जमिनीवर काटा ठेवला की एकाच माणसाची दोन वजनं येतात. खाली एक सपाट फळी टाका आणि रोज सकाळी माहीत असलेलं वजन, पाच किलोचं माप किंवा पाण्याचा भरलेला कॅन, ठेवून बघा.

संमती सरपंचाची, सुई माझ्या बोटाला?

ग्रामपंचायतीचं पत्र म्हणजे गावात शिरायची परवानगी. प्रत्येक माणसाची संमती वेगळी. ती त्याला कळेल अशा भाषेत सांगून, ‘नाही’ म्हणायला जागा ठेवून घ्यायची. अंगठा असेल तर साक्षीदार हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं यात स्पष्ट आहेत, लहान मुलांच्या बाबतीत पालकांबरोबर मुलालाही विचारावं लागतं हेसुद्धा. नीतिशास्त्र समितीची मंजुरी काम सुरू होण्याआधी, नंतर नव्हे. सून बोलताना सासू शेजारी बसलेली असेल तर त्या उत्तराला मी उत्तर मानत नाही. त्यासाठी जोडीने जा: एकीने सासूबाईंचं बीपी मोजायचं, दुसरीने परसात सुनेशी बोलायचं.

प्रशिक्षण झालं, मशीन कपाटात

आता माझीच फजिती. आशाताईंचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. पडद्यावर स्लाइड, हातात फाइल, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. आधीच्या आणि नंतरच्या चाचणीत सगळ्यांचे गुण वाढले. ‘प्रशिक्षण कसे वाटले?’ या प्रश्नाला एकजात ‘खूप छान’. मी खूश. तीन महिन्यांनी एका ताईच्या घरी गेलो. मशीन कपाटात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, अगदी नवंकोरं. म्हटलं, वापरत नाही का? ताईने जरा चाचरत सांगितलं, “सर, सेल संपले. पहिल्यांदा मी घातले पदरचे. दरवेळी कुठनं घालू?”

दोन दिवस मी बीपीची कारणं, प्रकार, गुंतागुंत सगळं शिकवलं होतं. सेल कोण देणार हे कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. ‘लोकांना येत नाही’ म्हणून प्रशिक्षण मागायला कुणी आलं की आधी शोधायचं, खरंच येत नाही, की येतं पण करता येत नाही. सेल नाहीत, साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या, रजिस्टर छापून आलं नाही, एसटी दुपारी २ नंतर नाही, यातलं काहीही प्रशिक्षणाने बरं होत नाही. तिशीच्या पुढच्या माणसांना बीपी, मधुमेह अशा आजारांची जोखीम किती, ते तपासायचा फॉर्म आशाताई भरतात. त्यात गुण ४ च्या वर गेले की त्या माणसाला तपासणीसाठी आधी पाठवायचं असतं. फॉर्म भरायला त्यांना उत्तम येतो. पण पाठवलेल्या माणसाला पुढे गोळ्या मिळाल्या नाहीत, की तो माणूस पुढच्या वेळी ताईलाच ऐकवतो, आणि ताई हळूहळू पाठवायचं बंद करते. तिला पुन्हा प्रशिक्षणाला बसवून काय होणार?

आणि जिथे खरोखर शिकवायचं आहे, तिथे बोलणं कमी करा. बीपी मोजायला शिकवायचं तर प्रत्येकीने किमान पाच-सहा जणांचं मोजलं पाहिजे, आपण शेजारी उभं राहून. सल्ला द्यायला शिकवायचं तर एकीने सासू व्हायचं, एकीने सून, एकीने आशा. आपल्या बायका हे इतकं झकास करतात की हॉलबाहेर गर्दी जमते, आणि कुठे अडतं ते दोन मिनिटांत दिसतं. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, सगळ्या ‘हो’ म्हणतात. ‘आता हेच तुमच्या जाऊबाईंना कसं सांगाल, मला सांगून दाखवा’ असं म्हणा.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोल जोखायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, त्यातून फरक पडला का. आपण पहिल्या पायरीवर फोटो काढतो आणि दुसरीवर अहवाल बंद करतो. तिसरी पायरी फुकट असते, फक्त महिन्या-दोन महिन्यांनी ताईच्या मागे चार घरं फिरावं लागतं. बोलायचं नाही, बघायचं.

जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि केंद्राने आशाला शिकवायचं, या उतरंडीत काय होतं ते वेगळं सांगायला नको. पन्हाळ्यावर ओतलेला रस्सा कोल्हापुरात पोहोचेपर्यंत नुसतं पाणी.

‘जनजागृती’ हे सगळ्यावरचं औषध नव्हे

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर पूर ओसरलेल्या गावांत पत्रकं वाटली गेली: पाणी उकळून प्या. चांगलाच सल्ला. पण ज्या घरात शेगडी, सिलिंडर, सरपण सगळं गाळात, त्या घराने उकळायचं कशावर? तिथे क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली हातात देणं हेच आरोग्यशिक्षण. लोकांना पाण्याचं कळत नाही असं नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, पंचगंगेकाठच्या माणसाला नळाचं पाणी जरा गढूळ दिसलं तरी ती आठवते.

साध्या दिवसांतही हेच. गावात जुलाबाचे रुग्ण वाढले की आपण हात धुण्याची प्रात्यक्षिकं सुरू करतो. आधी टाकीपाशी जा. टीसीएल पावडरची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, पिशवी ग्रामपंचायतीच्या दमट खोलीत तोंड उघडी पडलेली असेल तर तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. शिपाई रोज इमानाने पावडर टाकतो आणि पाणी तसंच. जलसुरक्षकाला घेऊन टाकीजवळच्या नळाची आणि शेवटच्या घरच्या नळाची ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन आहे का ते रंगावरून बघा. शेवटच्या नळाला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. तिथे काहीच रंग येत नसेल तर हात धुण्याचं गाणं नंतर म्हणा, आधी पावडर आणि गळकी पाइप.

१९८६ च्या नोव्हेंबरमध्ये ओटावा इथे आरोग्य संवर्धनाची सनद मांडली गेली. तिने कामाची पाच क्षेत्रं सांगितली: आरोग्याला पोषक धोरण, अनुकूल परिसर, समाजाची सामूहिक कृती, व्यक्तीची कौशल्यं आणि आरोग्यसेवांची नवी दिशा. पत्रक आणि भाषण यांतल्या चौथ्याच क्षेत्रात बसतं, तेही कोपऱ्यात. त्याआधी १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला गेलं तेव्हा लोकांची पहिली गरज दवाखाना नव्हती, पाणी आणि अन्न होती. त्यांनी तिथूनच सुरुवात केली.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण हवं असेल तर हेरवाड घ्या. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. याला कुणी आरोग्य कार्यक्रम म्हणत नाही. मी म्हणतो. ज्या बाईला हळदी-कुंकवाला बोलवत नाहीत, बैठकीत मागे बसवतात, तिच्या मनाच्या स्वास्थ्यावर व्याख्यान देऊन काय होणार? ठराव झाला म्हणजे प्रथा लगेच गेली असं नाही, पण घरातल्या एकटीच्या हट्टाला गावाचा कागद मिळाला.

ता.क.: कोल्हापुरात ‘मटण बंद करा’ असा सल्ला द्यायचा असेल तर आपल्या जबाबदारीवर द्या. तांबड्या रश्श्यावरचा कट बाजूला काढा, पांढऱ्यात मीठ बेताने घाला, इतपत लोक ऐकून घेतात.

आकडा सुधारला, पण कशामुळे?

जानेवारीत पहिली पाहणी, मे महिन्यात दुसरी. सरासरी बीपी खाली. टाळ्या. पण थंडीत बीपी वर असतं आणि उन्हाळ्यात उतरतं, तुम्ही काही केलं नाहीत तरी. तुलना करायचीच तर त्याच ऋतूत करा, नाहीतर तशाच दुसऱ्या गावात, जिथे कार्यक्रम झाला नाही, तिथेही दोन्ही वेळा मोजा. हंगाम सुरू आणि हंगाम बंद या दोन काळांत तर गावाचं खाणं, झोप, कष्ट, सगळंच बदलतं.

दुसरा चकवा याहून लबाड आहे. शिबिरात ज्यांचं बीपी जास्त आलं तेवढेच निवडायचे, त्यांना सल्ला द्यायचा आणि महिन्याने मोजायचं. उतरणारच! त्या दिवशी काही जणांचं योगायोगाने जास्त होतं, जिन्यामुळे म्हणा, भांडणामुळे म्हणा. दुसऱ्या वेळी ते आपल्या नेहमीच्या जागेवर येतात. पीक एखाद्या वर्षी विक्रमी आलं की पुढच्या वर्षी सहसा कमीच येतं, तसंच हे.

तिसरी गोष्ट, दुसऱ्या पाहणीला कोण आलं नाही ते मोजा. गोळ्या सोडलेला, तंबाखू न सुटलेला माणूस तोंड चुकवतो. आलेल्यांचीच सरासरी काढली तर कार्यक्रम नेहमीच यशस्वी.

चूक आधीच होऊन गेली असेल तर? लहान पट्ट्याने मोजलं, ‘त्रास’ विचारून झालं, थंडीत सुरू केलं, तर आकडे दुरुस्त करत बसू नका. थोड्या घरांत जाऊन योग्य पद्धतीने पुन्हा मोजा, फरक किती येतो ते बघा आणि तो फरक अहवालात लिहा. अहवाल तपासणारे परीक्षक रागावतील असं वाटतं, पण माझा अनुभव उलटा आहे.

निकाल गावाचाच

अहवाल विद्यापीठात जातो, प्रबंध होतो, परिषदेत पोस्टर लागतं आणि गावाला काही कळत नाही. पुढच्या वर्षी दुसरी संस्था तेच प्रश्न घेऊन येते आणि लोक दार लावतात. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला असतात. त्यात दहा मिनिटं मागून घ्या. टक्केवारी नको, ‘दहा जणांत इतके’ असं सांगा. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीकडे वर्षाला १०,००० रुपयांपर्यंतचा खुला निधी येऊ शकतो. मशीनच्या सेलचा प्रश्न अशा वेळी तिथेच मांडता येतो. मी मांडला, सुटलाही, फक्त ताईलाच बोलायला लावलं. मी बोललो असतो तर पुढच्या वर्षी पुन्हा मलाच बोलावं लागलं असतं.

त्या शिरोळकडच्या आक्कांकडे फॉर्म दुरुस्त करायला परत गेलो होतो. त्यांनी चहा टाकला आणि आधी मलाच विचारलं, “मागल्या बारीला काय लिवलासा माझं?” वाचून दाखवलं. व्यायाम ‘नाही’ म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की आतून सून बघायला आली. मग डबी पुढे सरकवून म्हणाल्या, “आनि ह्ये कशात लिवतासा?”

डबी मिश्रीची होती. मी नवीन रकाना दाखवला.